टॅली प्राइम: भावाभावांच्या दुकानात वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

जीएसटीसाठी टॅली, म्हणजे हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, घेऊ का असं कोणी विचारलं तर मी सांगते, नुसत्या जीएसटीसाठी नका घेऊ, ते काम आता स्वस्तातली ॲपं पण करतात. पण दोन-तीन घरं एकाच गल्ल्यावर चालत असतील, थोरला भाऊ खरेदी बघतो, धाकटा काउंटर बघतो आणि पोरं आता कुठं दुकानात बसायला लागलीयत, असं असेल तर मात्र घ्याच.

आमचं बार्शीत पाइप, फिटिंग, मोटरी आणि हार्डवेअरचं दुकान आहे. आप्पांनी म्हणजे आजोबांनी टाकलं, मग बाबा आणि काका, आणि आता मी आणि माझा चुलतभाऊ. हिशोब लाल वह्यांत, रोजमेळ म्हणजे रोजच्या रोकडीची वही वेगळी, खतावणी म्हणजे खात्यांची वही वेगळी, आणि खतावणीत सगळ्यात जास्त पानं कुणाची असतील तर उचंत खात्याची. गल्ल्यातनं पैसे गेले पण कुणी नेले, कशाला नेले ते आठवेना की टाका उचंतला, आणि मार्चमध्ये दिवाणजी आणि सीए दोघं मिळून ते कुठंतरी जिरवायचे. मधे एक मोबाईल ॲप वापरून बघितलं, नाव घेत नाही, काकाचा फोन बदलला आणि अर्ध्या गावाची उधारी गायब झाली, त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला की एकच टेप वाजायची. तेव्हा टॅलीवर आलो.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि आवडली, की हे सॉफ्टवेअरच मुळात वडलांच्या धंद्यासाठी मुलानं लिहिलेलं आहे. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल, मशीनचे पार्ट पुरवायचे, त्यांना मनासारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर मिळेना, मग गणित शिकलेल्या मुलाला म्हणजे भरत गोएंकांना सांगितलं की तूच बनव. १९८६ साली कंपनी निघाली, तेव्हा नाव प्युट्रॉनिक्स होतं. भरत गोएंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली आणि आता कंपनी तेजस गोएंका बघतात, म्हणजे तिथंही तिसरी पिढी. धंदेवाल्यानं मागून घेतलेलं आहे हे वापरताना जाणवतं. खात्याला कोड-बिड द्यावा लागत नाही, 'काका उचल' (काकांनी स्वतःसाठी काढलेले पैसे) असं नाव टाइप केलं की झालं खातं. आणि सगळं कीबोर्डवर, एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स जमा, एफ एट विक्री, माऊसला हात लावायची गरज नाही. आमच्या दिवाणजींनी साठी ओलांडलीय, माऊस धरला की बाण स्क्रीनच्या बाहेर जायचा, पण या एफच्या बटणांवर आता ते माझ्यापेक्षा फास्ट आहेत.

आता मुद्द्याचं. रात्री शटर अर्धं ओढलं की बाबा नोटा मोजतात आणि दिवाणजी स्क्रीनवर रोकड खातं काढतात. समजा स्क्रीनवर १८,४६० शिल्लक आहे आणि गल्ल्यात भरले १५,४६०. तीन हजार कमी. पूर्वी हे सरळ उचंतला जायचं आणि सगळे जेवायला जायचे. आता उचंत खातं मी उघडलेलंच नाही, त्यामुळे हे तीन हजार कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्या दिवसाचा मेळ बसत नाही, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. मग काका म्हणतात, "अगं हां, सकाळी व्हॅनवाल्याला दिले की मी, पोरांच्या शाळेचे." एफ फाइव्ह, काका उचल, तीन हजार, विषय संपला. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे दोन मिनिटांचं काम आमच्याकडं दोन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

पहिल्या वर्षाअखेरीला उचलीच्या खात्यांचा रिपोर्ट काढला तर गंमतच झाली. घरात कायम कुजबूज असायची की धाकटे जास्त काढतात, आणि निघाली जास्त बाबांची. आमच्या घरचं लाइटबिल, किराण्याचा महिन्याचा हिशोब, एवढंच काय तर माझ्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स सुद्धा वर्षानुवर्षं 'दुकान खर्च' म्हणून जात होतं, ते आता जिथं जायला पाहिजे तिथं गेलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. काका मात्र काही बोलले नाहीत, नुसता प्रिंट घेऊन गेले.

हे वेगळं ठेवणं आता नुसतं घरातल्या शांततेसाठी राहिलेलं नाही. एप्रिल २०२५ पासून आयकराचा नवा नियम आलाय (तेव्हाच्या कायद्यात कलम १९४टी), भागीदारी फर्मनं भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन, व्याज हे मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मला १०% टीडीएस कापावा लागतो. भांडवलातनं केलेली उचल त्यात येत नाही. म्हणजे पगार कुठला, व्याज कुठलं आणि उचल कुठली हे तुमच्या पुस्तकात वेगवेगळं दिसलंच पाहिजे, सगळं एकाच खात्यात कालवून ठेवलं असेल तर सीए कपाळाला हात लावणार. भांडवलावरचं व्याज पण १२% पर्यंतच खर्च म्हणून धरता येतं आणि ते सुद्धा डीडमध्ये म्हणजे भागीदारीच्या करारात लिहिलेलं असेल तरच. आमच्याकडं प्रत्येक भागीदाराची भांडवल, उचल, पगार अशी तीन-तीन खाती आहेत, टॅलीमध्ये ग्रुप करून ठेवली की एका एंटरवर उघडतात.

आप्पा गेले तेव्हाची गोष्ट सांगते कारण ती बऱ्याच घरांत होते. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि त्यात असं आहे की भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, डीडमध्ये वेगळं ठरवलं असेल तर सोडून. आप्पांनी डीडमध्ये 'उरलेल्यांनी धंदा चालू ठेवावा' हे कलम घालून ठेवलेलं होतं, म्हणून पॅन तोच, जीएसटी नंबर तोच, बँकेत नुसती कागदपत्रं दिली. पण आप्पांच्या भांडवल खात्यावर जी शिल्लक होती ती कुणाची? टॅलीमध्ये ती एफ सेव्हनची एक जर्नल एंट्री आहे, म्हणजे रोकड न हलवता एका खात्यातनं दुसऱ्यात, आप्पा भांडवल नावे, वारसांची खाती जमा. त्या एका एंट्रीसाठी आमच्याकडं दोन्ही घरं, आत्या आणि सीए अशी बैठक बसली, आत्यांचा वाटा कर्ज खात्यावर ठेवायचा, त्यावर व्याज द्यायचं आणि हप्त्यानं फेडायचं असं ठरलं आणि मग दिवाणजींनी सगळ्यांसमोर एंट्री मारली. सॉफ्टवेअरनं काही मिटवलं नाही, भांडण व्हायचं ते झालंच, पण आकड्यावरनं नाही झालं. आकडा समोर होता आणि तो आप्पांच्या हयातीतलाच होता.

अजून एक फीचर म्हणजे एडिट लॉग. कुणी एंट्री बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, सगळं राहतं. कंपन्यांना हे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, आमच्यासारख्या भागीदारी फर्मला नाही, तरी आम्ही चालू ठेवलंय. प्रत्येकाला वेगळा युझर आणि पासवर्ड, मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत करता येईल ते पण युझरप्रमाणे ठरवता येतं. चुलतभावाला सुरुवातीला वाटलं माझ्यावर पाळत ठेवताय का. त्याला म्हटलं बाबांचा पण लॉग आहे, उघडून बघ. त्यानं खरंच बघितला.

आता न आवडलेलं. स्क्रीन बघून कुणी प्रेमात पडणार नाही. हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आहे, फोनवर टकटक करून चालवायची सवय असलेल्या पोरांना जुनाट वाटतं (सबस्क्रिप्शन चालू असेल तर ब्राउझरमधनं रिपोर्ट बघता येतात, तेवढं बरंय). आम्ही घेतलं तेव्हा बॅकअपची शिस्त आपणच लावायला लागायची, आम्ही शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतो आणि पेन ड्राइव्ह घरी जातो. आणि हार्डवेअरवाल्यांसाठी खास, आयटम मास्टर म्हणजे मालाची यादी भरायला जीव जातो, अर्धा इंची एल्बो, पाऊण इंची एल्बो, ब्रास एल्बो, संपता संपत नाही. पाइप मात्र नग आणि फूट अशा दोन युनिटमध्ये लावता येतो, एक नग २० फूट, म्हणजे गिऱ्हाइकानं सात फूट कापून नेला तरी स्टॉक बरोबर राहतो.

किंमत. आम्ही घेतलं तेव्हा सिंगल युझर सिल्व्हर २२,५०० अधिक १८% जीएसटी, म्हणजे २६,५५०, आणि हे कायमचं लायसन्स. पहिल्या वर्षानंतर टीएसएस नावाचं रिन्यूअल येतं, ते नाही भरलं तरी सॉफ्टवेअर चालतं, पण नवीन अपडेट आणि ऑनलाइनच्या सोयी बंद. विकायला आलेला माणूस मल्टियुझर गोल्डच गळ्यात मारायला बघत होता, एका काउंटरच्या दुकानाला गोल्ड कशाला पाहिजे, सिल्व्हरवर सगळं होतं.

घेणार असाल तर १ एप्रिलपासून सुरू करा, मधेच सुरू केलं की ओपनिंग बॅलन्स जुळवण्यात दिवाळी जाते. आणि आयटम, उधारीवाले हे सगळं नंतर भरलं तरी चालेल, घरातल्या प्रत्येकाचं उचल खातं पहिल्या दिवशी उघडा, आईचं आणि काकूंचं सुद्धा.