दूध नको, साखर नको: सोलापूरच्या कॅफेंमधला काही महिन्यांचा अनुभव

मला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. सासूबाईंना मधुमेह आहे. आणि दोघींनाही बाहेर जाऊन काहीतरी पीत, गप्पा मारत बसायची भारी हौस. त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून सोलापुरात जिथं जिथं बसलो तिथं मी दुधाशिवायचं आणि त्यांनी साखरेशिवायचं मागून पाहिलं. होटगी रोड आणि जुळे सोलापूरकडची नवी कॅफे, सात रस्त्याजवळचे कॉलेजच्या पोरांचे अड्डे, नवी पेठेत खरेदी करताना टेकायच्या जागा, जुनी उडुपी हॉटेलं, टपऱ्या, सगळं यात आलं. नावं घेत नाही. काउंटरवरची पोरं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, आणि पोरगं बदललं की चवही बदलते.

निकाल आधीच सांगते. कॅफेचं मेन्यूकार्ड किती चकचकीत आहे यावरून काही ठरत नाही. पेय सुट्या जिनसांपासून समोर बनतं की सगळं आधीच कालवून ठेवलेलं असतं, एवढंच बघायचं. डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी असेल तर नको ते टाकलं नाही की झालं. सगळं एकाच पावडरीत असेल तर समोरचा मुलगा कितीही सज्जन असो, त्यातून साखर वेचून काढून देणार कशी?

ही पावडर म्हणजे प्रीमिक्स. बटण दाबलं की चहा-कॉफी देणाऱ्या मशिनमध्ये बहुतेक ठिकाणी हेच असतं. दवाखान्यांची कॅन्टीन, पेट्रोल पंपाशेजारची छोटी कॅफे, मोठ्या दुकानांतले कोपरे, सगळीकडे. त्यात चहा किंवा कॉफी, दुधाची पावडर आणि साखर एकत्र असते. काही मशिनना बिनसाखरेच्या मिश्रणाचा वेगळा डबा असतो, पण तो भरलेला असेल याची खात्री नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, म्हणून मी सरळ पाकीट मागते आणि मागची बाजू वाचते. साखर पहिली किंवा दुसरी असली की सासूबाईंना खुणेनंच 'नको' सांगते. एकदा त्यांनी अशा मशिनवरच्या पोराला प्रेमानं सांगितलं, "साखर कमी टाक रे बाळा." त्यानं तितक्याच प्रेमानं कप पाऊण भरून दिला. हिशोबानं बघितलं तर तो चुकलाही नव्हता.

माझ्या बाबतीत नेहमीचा संवाद असा:

"दूध नको म्हटलं होतं ना भाऊ?"

"दूध कुठं टाकलंय मॅडम, पावडरच टाकलीय की!"

यात फसवणूक नसते, त्याच्या लेखी दूध म्हणजे पिशवीतलं. पण साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत वजनानं जवळजवळ निम्मं लॅक्टोज असतं. म्हणजे पावडर हा दुधाला पर्याय नाही, ते आटवलेलं दूधच. तिसरा प्रकार क्रीमरचा, म्हणजे चहा-कॉफीत दुधाऐवजी घालायच्या पावडरीचा. त्यावर 'नॉन-डेअरी' छापलेलं असलं तरी घटकांत बऱ्याचदा सोडियम केसिनेट दिसतं, आणि ते दुधातल्या प्रथिनापासून बनवतात. लॅक्टोज न पचणाऱ्याला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण ज्याला दुधाची खरोखरची ॲलर्जी आहे त्याला ते अजिबात चालत नाही.

कोल्ड कॉफी मी यादीतून काढूनच टाकली आहे. गर्दीच्या कॅफेंत सकाळीच कॉफी, साखर आणि दूध फिरवून जग भरून फ्रिजमध्ये ठेवतात. ऑर्डर आली की त्यात बर्फ आणि आइस्क्रीमचा गोळा घालून पुन्हा फिरवतात. सासूबाईंसाठी "साखर नको" म्हटलं तर वरून जे सिरप सोडतात तेवढं वगळतात आणि जगमधली साखर आहे तशी येते. एका ठिकाणचा मुलगा मात्र प्रामाणिक निघाला. "यातली साखर निघत नाही काकू, तुम्ही ब्लॅक घ्या," असं त्यानं आधीच सांगितलं. मला असं स्पष्ट 'नाही' फार आवडतं.

आता जुन्या उडुपी हॉटेलांविषयी, कारण सगळ्यात चांगला अनुभव तिथला आहे. कर्नाटक आपल्या उंबऱ्यावर, शहरातली बरीच घरं कानडी नाहीतर तेलुगू बोलतात, त्यामुळे फिल्टर कॉफी सोलापूरला नवी नाही. तिथं डिकॉक्शन सकाळी पाडून ठेवलेलं असतं, दूध वेगळ्या पातेल्यात उकळत असतं आणि साखर पेल्यात सगळ्यात शेवटी पडते. मी डिकॉक्शनमध्ये गरम पाणी मागते, सासूबाई दूध घालून बिनसाखरेची मागतात, आणि दोन्ही बरोबर येतात. पहिल्यांदा गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "नुसतं डिकॉक्शन? कडू लागंल की अक्का." आता आम्ही दिसलो की आतल्या माणसाला तेच आवाज देतात. वेगळे पैसे नाहीत, समजावणं नाही. बऱ्याचशा फिल्टर पुडीत चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली असते, त्यामुळे बिनदुधाची प्यायली तरी ती अंगानं दाट लागते. नव्या कॅफेतली अमेरिकानो तिच्यापुढे मला पाणचट वाटते. पण हे माझं वैयक्तिक मत, पोरांनी रागावू नये.

टपरीचा चहा मी सोडलेला नाही, याचं काही जणांना आश्चर्य वाटतं. गणित साधं आहे. गाईच्या दुधात लॅक्टोज साधारण पावणेपाच टक्के असतं. कटिंगमध्ये 50 मिलि दूध धरलं तरी ते दोन-अडीच ग्रॅम होतं. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. माझी मर्यादा त्याहून कमी आहे, पण कटिंग त्यात बसतो. मोठ्या ग्लासातली कोल्ड कॉफी, त्यात पाव लिटर दूध आणि वर आइस्क्रीम, ही कुठल्याच हिशोबात बसत नाही. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, ती आपली आपण, डॉक्टरांशी बोलून ठरवावी. सासूबाईंचं टपरीवर उलट आहे. तिथं साखर पातेल्यातच पडलेली असते, त्यामुळे त्यांना वेगळा चहा टाकायला लावावा लागतो. सकाळी दहानंतर गर्दी ओसरली की टाकतात, त्याआधी कुणी ऐकत नाही.

बिनसाखरेचा चहा मागितला की हल्ली "गुळाचा देऊ का?" असं हमखास विचारतात. पाट्याही जागोजागी लागल्या आहेत. मधुमेहाच्या दृष्टीनं गूळ म्हणजेही साखरच, रक्तात गेल्यावर तो वेगळा वागत नाही. चव सुंदर असते, ती ज्याला चालते त्यानं जरूर घ्यावी. सासूबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला आहे, त्या पर्समध्ये गोडव्याच्या पुड्या ठेवतात. त्यातल्या ॲस्पार्टेमच्या पुडीचा गोडवा उकळताना कमी होतो, म्हणून ती कपात चहा आल्यावरच घालायची.

वनस्पतीजन्य दुधाचं सांगायचं तर सोलापुरात ते मिळतं, पण नेहमी मिळेल असं धरून जाऊ नका. होटगी रोडकडच्या एक-दोन कॅफेंत ओट किंवा बदामाचं असतं. कपामागे 50-60 रुपये जास्त लागतात आणि "आज संपलंय" बऱ्याचदा ऐकावं लागतं. खप कमी, उघडलेला खोका फ्रिजमध्ये थोडेच दिवस टिकतो, त्यामुळे मालकाचं म्हणणं मला पटतं. मी दुकानातून छोटा टेट्रा पॅक घेऊन जाते आणि आधी विचारते. छोट्या कॅफेंत सहसा हो म्हणतात, साखळी दुकानांत बाहेरचं आणू देत नाहीत. दुकानात शोधताना 'सोया मिल्क' असं शोधत बसू नका. वनस्पतीजन्य पेयांवर दूध हा शब्द छापू नये अशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची भूमिका आहे, 2021 मध्ये त्यांनी ऑनलाइन विक्रेत्यांनाही तसं बजावलं होतं. त्यामुळे पॅकवर सोया बेव्हरेज, ओट ड्रिंक, आल्मंड ड्रिंक अशी नावं दिसतात. 'अनस्वीटन्ड' लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर बहुतेकांत साखर घातलेली असते.

सोयाचं दूध कडक कॉफीत ओतलं की फाटतं. कॉफीचं आम्ल आणि उष्णता दोन्ही त्याला झेपत नाहीत. मुलाला सांगायचं, आधी सोया कोमट कर आणि मग कॉफी त्यात हळूहळू सोड. कडक भाजलेली, कमी आंबट कॉफी असेल तर आणखी बरं. ओट सहसा फाटत नाही आणि फेसही छान धरतं, पण ते बनवताना विकरं (एन्झाइम) घालून ओटमधला स्टार्च फोडतात, त्यातून माल्टोज तयार होतं. म्हणजे वरून साखर न घालताही त्यात साखर असते. माझ्यासाठी ठीक, सासूबाईंसाठी नाही. बदामाच्या पेयात बदाम थोडे आणि पाणीच जास्त, मला ते पैशाला जड वाटतं. चौथा पर्याय अमूलच्या लॅक्टोज-फ्री दुधाचा. ते खरं दूधच असतं, फक्त लॅक्टोज आधीच ग्लुकोज आणि गॅलेक्टोजमध्ये फोडलेलं असतं, म्हणून जिभेला किंचित गोड लागतं. कॉफीत सगळ्यात चांगलं हेच जमतं. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट आषाढात दिसली. पंढरपूर इथून जवळ, त्यामुळे एकादशी शहरभर जाणवते. त्या दिवशी आमच्या एका नेहमीच्या कॅफेत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "माझा उपवास आहे" एवढंच म्हटलं, आणि एरवी माझ्याकडे "डाएट करायलात का?" म्हणून बघणाऱ्या पोरानं न सांगता मिक्सरचं भांडं धुतलं, चमचा बदलला आणि काय चालतं, काय नाही ते विचारून घेतलं. 'जैन' म्हटलं तरी तसंच होतं, पुढे एक प्रश्न येत नाही. म्हणजे वेगळं बनवायची अक्कल, सवय आणि तयारी, तिन्ही आपल्याकडे आहेत. पोटाचं कारण मात्र नखरा वाटतं. "थोडंसंच टाकतो, काही होत नाही" हे वाक्य उपवासवाल्याला कुणी म्हणेल का?

म्हणून मी मागायची रीत बदलली. ऑर्डर देतानाच परिणामासकट सांगते: "दूध पोटात गेलं की मला दोन तास त्रास होतो, चिठ्ठीवर लिहा." ऑर्डर घेणारा आणि बनवणारा वेगळे असतात, निरोप मधेच हरवतो. केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहून घेतलं की बहुतेक वेळा बरोबर येतं. गर्दी असेल तर सरळ मशिनपाशी जाऊन बनवणाऱ्याला सांगते. कॉफी मशिनची दूध फेसाळायची वाफेची नळी पुसून घ्यायलाही सांगते, तिला आधीच्या दुधाचा थर असतो. हे सांगितल्यावर कुणी चिडलेलं मला आठवत नाही. खरी ॲलर्जी असलेल्यांनी मात्र एवढ्यावर भरवसा ठेवू नये, कारण नळी, मिक्सर, गाळणी सगळं सामायिक असतं. मी स्वतः 'ॲलर्जी' असं खोटं सांगत नाही. आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो तर ज्याच्या जिवावर बेततं त्याचं कुणी ऐकणार नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मेन्यूवर कॅलरी आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचं बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 वा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना आहे. आपल्या एकट्या-दुकट्या कॅफेंना ते लागू नाही. साखळीत मात्र तो तक्ता हक्कानं मागा, मागितला की दाखवतात.

उन्हाळ्यात काम सोपं झालं. पारा चाळिशीच्या वर गेला की गरम कॉफी कोण पितंय? लिंबूपाणी समोर पिळतात, त्यामुळे सासूबाईंचं मीठ-जिऱ्याचं बिनसाखरेचं लिंबू सगळीकडे मिळालं. कोकम सरबत बाटलीतलं असेल तर त्यात सहसा साखर असते. आगळ, म्हणजे कोकमाचा नुसता रस, बिनसाखरेचं आणि खारट असतं, पण ते इथं एखाद्याच ठिकाणी दिसलं. ताक मला चालतं, कारण विरजणातले जंतू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि वर पाणीही घातलेलं असतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास मात्र काहीही वेगळं मागू नका. तिथं ऑर्डर ऐकू गेली तरी पुष्कळ.

घरपोच ॲपवरच्या सूचनेच्या चौकटीत "दूध नको" लिहून काही उपयोग झाला नाही. तो मजकूर बनवणाऱ्यापर्यंत पोचतो की नाही कळत नाही, आणि झाकण लावलेल्या कपातलं परतही करता येत नाही. घरी मागवायचंच असेल तर मी ब्लॅक मागवते आणि दूध आमच्या फ्रिजमधलं घालते.

पाचपैकी गुण द्यायचे तर उडुपी हॉटेलांना साडेचार, समोर बनवणाऱ्या छोट्या कॅफेंना साडेतीन, साखळीवाल्यांना तीन, कारण बाहेरचा पॅक चालत नाही पण तक्ता तरी दाखवतात. प्रीमिक्सच्या मशिनला सासूबाई शून्य देतात. मी एक देते, त्यातून नुसतं गरम पाणी चांगलं येतं आणि ग्रीन टीची पिशवी माझ्या पर्समध्ये असते.