फॉरमॅट मारायच्या आधी विचारणारं दुकान

सांगलीत विश्रामबाग साइडला कुणाला लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकून घ्यायचं असेल तर बिनधास्त इथं जावा. दुकान म्हणजे एवढासा गाळा, बोर्ड पण धड दिसत नाही, पण काम एक नंबर.

लॅपटॉप आमच्या काकांचा, मार्केट यार्डात हळदीची अडत आहे त्यांची. सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह प्रोसेसर, आत जुनी हार्डडिस्क, चालू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतंयच. मागं एकदा दुसरीकडून फॉरमॅट मारून आणलेला, तिथल्यानं न विचारता क्रॅकवालं (म्हणजे चोरीचं) विंडोज प्रो टाकून दिलं, थोड्या दिवसांनी कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ आलं ते काय गेलंच नाही.

इथल्या पोरानं पेनड्राइव्ह हातात घ्यायच्या आधी विचारलं, "काका, टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरला आहे? आणि मराठीत टाइप केलेल्या जुन्या फायली आहेत का?" हा दुसरा प्रश्न मला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारला नव्हता. युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीचे जे मराठी फॉन्ट होते ते सी ड्राइव्हमधे विंडोजच्याच फॉन्ट फोल्डरात बसतात, लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट कॉपी करून फॉरमॅट मारतात, मग फाइल उघडते पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. काकांचे शेतीच्या वाटणीचे कागद, सोसायटीची पत्रं, सगळं तसल्याच फॉन्टात. त्यानं आधी ते फॉन्ट काढून ठेवले, मग बाकीचं.

लायसन्सचं पण नीट सांगितलं. लॅपटॉप घेताना विंडोज होम आलेलं, त्याची की (ॲक्टिव्हेशनचा नंबर) मदरबोर्डात असते, मग होमच टाकायचं, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट. तसंच झालं, वर एक रुपया नाही.

मला विंडोज अकरा पाहिजे होतं, तो नको म्हणाला. सातव्या जनरेशनला ते अधिकृत चालत नाही, जुगाड करून बसवता येतं पण पुढं अपडेट येतीलच याची खात्री नाही आणि काकांच्या हिशोबाच्या मशीनवर मी ते करणार नाही म्हणे. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं नोंदणी केली की सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती नोंदणी त्यानंच करून दिली. त्यानंतर काय ते तेव्हा बघू, विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट पण दाखवत होता, काकांनी मान हलवली नाही. टॅली चालतंय का एवढंच त्यांचं.

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) टाकली, खरा फरक तिथं पडला, आता चहाला वेळच मिळत नाही. जुनी डिस्क फॉरमॅट न करता केसिंगमधे (यूएसबीला जोडायच्या डबीत) घालून परत दिली, काही राहिलं असेल तर त्यातनं काढा म्हणून. मजुरी ५०० रुपये, एसएसडी आणि केसिंगचे वेगळे.

नवीन लॅपटॉपवाल्यांनी मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड घेऊनच जावा, बिटलॉकर (विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असला तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती अकाउंटात सापडते. ती नसेल तर हा हात लावत नाही, बरोबरच आहे.

एक स्टार कापला कारण फोन उचलत नाही, "संध्याकाळी देतो" म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि बिल मागितल्याशिवाय देत नाही. मागून घ्याच, एसएसडीच्या वॉरंटीला लागतं.