शेकडा वाढ आणि घट यांची सराव पुस्तिका : एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या सरावासाठी यंदा शेकडेवारीची एक स्वतंत्र पुस्तिका वापरली. तालुक्याच्या पुस्तकांच्या दुकानात ती ८० रुपयांना मिळते आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी मुले ती आवर्जून घेतात. अपूर्णांकांचे शेकडेवारीत रूपांतर आणि गुणपत्रिकेवरील उदाहरणे हे पहिले दोन भाग इतर पुस्तकांत असतात तसेच आहेत. शेकडा वाढ आणि घट यांवरील तिसऱ्या भागासाठी मात्र ही पुस्तिका जरूर घ्यावी, असे माझे मत आहे.

या भागात प्रत्येक उदाहरणाच्या आरंभी एक चौकट आहे आणि आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्या चौकटीत मूळ संख्या लिहायची आहे. ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण मुलांच्या चुका गुणाकार-भागाकारात कमी आणि ‘टक्के कशाचे?’ या प्रश्नात अधिक होतात. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तो २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये झाला. वाढ ४३६ रुपयांची. तिला जुन्या भावाने भागले तर ८.९१ टक्के येतात, नव्या भावाने भागले तर ८.१८. दोन्ही उत्तरे खरी वाटण्याजोगी असल्यामुळे चूक नजरेला पडत नाही. चौकटीत ४,८९२ लिहिलेले असले म्हणजे ती सहसा होतच नाही. हे उदाहरण मी माझ्याकडून दिले. पुस्तिकेतील उदाहरणे मॉलमधील सूट आणि मेट्रोचे भाडे यांभोवती फिरतात. कास्तकारांच्या घरातील मुलांना त्यांत आपल्या ओळखीचे काही सापडत नाही, ही उणीव पुढील आवृत्तीत दूर व्हायला हवी.

एकामागून एक होणाऱ्या वाढ आणि घट यांची मांडणी उत्तम साधली आहे. शंभराची वस्तू २० टक्क्यांनी वाढून १२० झाली आणि मग २० टक्क्यांनी उतरली, तर ती ९६ वर येते, कारण दुसऱ्या वेळी टक्के १२० वर मोजले जातात. येथे न थांबता लेखकाने १०, २०, ३० आणि ५० टक्क्यांचा तक्ता भरायला दिला आहे. अंतिम घट अनुक्रमे १, ४, ९ आणि २५ टक्के येते आणि या वर्गसंख्या आहेत हे मुलांना कोणी न सांगता उमगते. माझ्या वर्गात तो तक्ता भरताना जी चर्चा झाली, तिचे मला मनापासून समाधान वाटले.

उलट गणितांतही पडताळ्यावर असाच भर आहे. २५ टक्के वाढीनंतर किंमत ५०० रुपये झाली, तर मूळ किंमत किती, असे विचारले की बरीच मुले ५०० मधून २५ टक्के वजा करून ३७५ म्हणतात. पुस्तिका त्यांना ३७५ वर पुन्हा २५ टक्के वाढवून पाहायला लावते, ४६८.७५ आले की विद्यार्थी स्वतःच मागे फिरतो आणि ५०० ला १.२५ ने भागून ४०० पर्यंत पोहोचतो.

चौथ्या भागाविषयी असे म्हणता येत नाही. त्यात झटपट उत्तरांची सूत्रे कारण न देता छापली आहेत. शिवाय एका उदाहरणात वस्तूवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यास करासह किंमत ७ टक्क्यांनी उतरते, असे उत्तर दिले आहे. ते चुकीचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील जीएसटी असाच १२ वरून ५ टक्के झाला. करापूर्वी ६ लाखांचा ट्रॅक्टर घेतला, तर करासह किंमत ६,७२,००० वरून ६,३०,००० रुपये होते आणि ४२,००० रुपयांची ही घट ६.२५ टक्के भरते. दरातील फरक ७ टक्केबिंदूंचा, म्हणजे दोन टक्केवारींच्या सरळ वजाबाकीचा आहे, तर दराची स्वतःची घट (१२ वर ७) ५८.३३ टक्के आहे. हा भेद आमच्या मुलांना समजणे अगत्याचे आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतला जात नाही. ओलावा ८ वरून १२ वर गेला, तर तो ४ टक्केबिंदूंनी वाढला आणि ५० टक्क्यांनीही वाढला. ही दोन्ही विधाने बरोबर कशी, हे पुस्तिकेत कोठेही सांगितलेले नाही.

छपाई स्वच्छ आहे, पण कच्च्या आकडेमोडीला जागा अपुरी असल्याने सोबत वही लागतेच. शिक्षकांनी आणि पालकांनी चौथा भाग तिसरा पूर्ण झाल्यावरच सोडवायला द्यावा आणि कराच्या उदाहरणापुढे योग्य उत्तर लिहूनच पुस्तिका मुलांच्या हाती द्यावी.