स्लाइड की लेखी टिपण?

मैत्रिणीला ठरवता येईना: बैठकीत स्लाइड दाखवू की दोन पानी टिपण वाटू? मी आधी विचारलं, "उठताना लोकांनी नेमकं काय ठरवलेलं हवंय?"

मंजुरी हवी असेल तर माझा कौल टिपणाला. त्यात 'कारण' आणि 'म्हणून' लिहावंच लागतं; स्लाइडच्या तुटक मुद्द्यांतून नेमकं तेच गळतं. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट गेलं ते याचसाठी. तिथे सुरुवातीला सगळे शांतपणे टिपण वाचतात. मेहनत जास्त, पण महिन्याने उघडलं तरी कळतं.

स्लाइडचं बळ चित्रात. घसरत जाणारी एक रेषा अख्ख्या सभागृहाला एका क्षणात दिसते.

म्हणून मोठा श्रोतृवर्ग, आलेख, प्रात्यक्षिक असेल तर स्लाइड. पाच-सहा जण आणि खर्चाचा निर्णय असेल तर टिपण.