गच्चीवर लावू का खाली मातीत? सोलापुरात पहिल्यांदा भाजी लावणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या नणंदेनं विजापूर रोडला रो-हाउस घेतलंय, पुढं दहा बाय आठची मोकळी जागा आणि वर अख्खी गच्ची. वास्तुशांतीच्या दिवशी पंगती उठल्यावर मला म्हणाली, वहिनी, मला घरची भाजी लावायचीय, गच्चीवर लावू का खाली? तेवढ्यात तिचे मिस्टर मागनं म्हणाले, खाली पेव्हिंग ब्लॉक टाकायचेत, गाडी लावायला. मी तेव्हा हातात पातेलं घेऊन उभी होते त्यामुळं धड काही बोलले नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते, तिलाही पाठवते आणि बाकी कुणाला हाच प्रश्न पडला असेल तर त्यांनीही वाचा.

मी दोन्ही केलंय. जुळे सोलापूरला आमच्या गच्चीवर पाच वर्षं झाली ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) आणि कुंड्या आहेत, आणि बाळ्याला, म्हणजे सोलापूरच्याच बाळे भागात, माहेरी घरामागं अण्णांचा भाजीचा तुकडा आहे, तिथं दर रविवारी माझा हात असतोच. त्यामुळं एकाच आठवड्यात तीच भेंडी वर कशी दिसते आणि खाली कशी दिसते हे मला रोजचं आहे.

यूट्यूबवर सगळे आधी विचारतात ऊन किती तास येतं. आपल्याकडं हा प्रश्नच नाही ओ, ऊन पाहिजे त्याच्यापेक्षा जास्तच आहे. आपल्याकडं विचारायचं ते हे की मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार आणि कुठलं घालणार. यावर तुमचं उत्तर काय आहे त्याच्यावरच गच्ची का जमीन हे ठरतं, बाकी सगळं नंतर.

गच्चीवरची बारा इंची बॅग म्हणजे साधारण वीस लिटर माती. थंडीत तिला एक दिवसाआड पाणी दिलं तरी चालतं, पण पारा बेचाळीसच्या वर गेला की वांग्याचं मोठं झाड असलेल्या बॅगेला दिवसाला दोन लिटर तरी लागतं, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून. जमिनीतल्या झाडाला ऊन फक्त वरनं लागतं, बॅगेला वरनं, चारी बाजूंनी आणि खालनं तापलेल्या स्लॅबमधनं. एकदा मेमध्ये दुपारी दोनला मी काळ्या बॅगेच्या कडेनं बोट घातलं, तर वरची बोटभर माती भुरभुरीत कोरडी आणि त्याच्या खालची चहाच्या कपासारखी गरम. मुळं तिथंच असतात. पानं माना टाकतात तेव्हा आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून घालतो, आणि खरं तर मुळं उकडलेली असतात.

आता हिशोब करा. पंचवीस बॅगा म्हणजे रोज पन्नास लिटर, आणि नळाला पाणी चार दिवसांआड आलं तर नुसत्या झाडांसाठी दोनशे लिटरचा एक निळा ड्रम भरून ठेवावा लागतो. माझ्याकडं तो ड्रम आहे. रात्री तीनला पाणी आलं की आधी टाकी, मग पिण्याचं, मग झाडांचा ड्रम असा क्रम, आणि दर वेळी मी स्वतःला विचारते की दहा रुपयांच्या मेथीच्या जुडीसाठी हे काय चाललंय. लग्नाला म्हणून आम्ही दोन दिवस लातूरला गेलो होतो, शेजारच्या काकूंना सांगून गेलो होतो, त्यांनी पाणी घातलंही पण एकदाच. परत आले तर सात वांगी आडवी. बोअरचं पाणी असलं तर ड्रमचा त्रास वाचतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. आरओचं वेस्ट पाणी पण तसंच, फुकट आहे म्हणून कुंडीत रोज ओतू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात.

खाली बाळ्याला अण्णांचा चार बाय आठचा वाफा मेमध्ये सुद्धा तिसऱ्या दिवशी पाणी घेतो. काळी माती पाणी धरून ठेवते हे शाळेत शिकलेलं असतं पण ते असं डोळ्यांनी बघितल्यावर कळतं. मात्र अट एक, माती उघडी ठेवायची नाही. आई चटणीसाठी शेंगा घरीच फोडते, ती सगळी टरफलं आम्ही झाडांच्या बुडाशी चार बोटं जाड पसरतो. उसाचं पाचट मिळालं तर अजून चांगलं, आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा नाही. एका वर्षी हे राहून गेलं, तर मातीला अशा भेगा पडल्या की बोटं आत जात होती. मी पाइप लावून पाच मिनिटं उभी, पाणी सगळं भेगेत गडप, आणि शेजारचं वांगं तसंच मलूल. अण्णा खुर्चीवरनं म्हणाले, "अगं झाडाला पाजतीयेस का भेगेला?" मग त्यांनीच उठून खुरप्यानं भेगा मोडल्या, वर टरफलं टाकली आणि म्हणाले आता दे.

म्हणजे पाण्याच्या बाबतीत जमीन सरळ जिंकते. पण मातीच्या बाबतीत उलटं आहे, निदान पहिल्या वर्षी.

गच्चीवर माती तुम्ही बनवता. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, वर मूठभर निंबोळी पेंड, झालं. पहिल्याच खेपेला पालक असा येतो की माणूस फोटो काढत सुटतो. मी सुरुवातीला काटकसर म्हणून सासऱ्यांच्या शेतातली काळी माती पोतं भरून आणली आणि तीच कुंड्यांत भरली, ती चूक करू नका. शेतात सोनं असलेली माती कुंडीत पावसात चिखल होते आणि उन्हात वीट होते, कडेनं आकसते, आणि वरनं घातलेलं पाणी कडेच्या फटीतनं थेट खालच्या भोकातनं बाहेर, मध्ये मुळं कोरडीच. आणि शेणखत अर्धवट कच्चं असलं तर त्याच्याबरोबर हुमणीच्या अळ्या फुकट येतात, पांढऱ्या जाड, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. माझ्या मिरच्या एका आठवड्यात त्यांनीच खाल्ल्या.

खाली नवीन घराच्या अंगणात जे दिसतं ते माती नसते, ते बांधकामाचं उरलेलं असतं. विटांचे तुकडे, प्लास्टर, मुरूम, मध्येच गुटख्याच्या पुड्या. नणंदबाईंनी आधी एका कोपऱ्यात दीड फूट खणून बघावं, खाली काय निघतं ते. मग त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर निचरा नाही, मग सपाट जमिनीवर काहीच लावायचं नाही, नऊ-दहा इंच उंच गादीवाफा करायचा. आपल्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये धो धो पडतो आणि तेव्हाच काळ्या मातीत मुळं सडतात. अण्णांची फळांनी लगडलेली पपई अशीच बुडाशी कुजून एका रात्रीत कलली, गच्चीवरच्या बॅगांना त्याच पावसात काही झालं नाही कारण खाली भोकं होती.

अजून एक आपल्या मातीचं. काळ्या मातीत चुनखडी भरपूर, त्यामुळं लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही. नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, हे दिसलं की युरिया टाकू नका (सगळे तेच करतात), चिलेटेड फेरस (झाडाला घेता येईल असं लोह) पाण्यात मिसळून पानांवर फवारा आणि मातीत कंपोस्ट वाढवत रहा. दोन वर्षं टरफलं, पाचट, शेणखत पडत राहिलं की तो राडारोडाही बदलतो, अण्णांच्या तुकड्यात आता खुरपं लोण्यात घातल्यासारखं जातं. गच्चीवर मात्र उलटा प्रवास, दर वर्षी मिश्रण खचतं, क्षार साठतात, बॅग रिकामी करून परत खत मिसळून भरावी लागते, आणि ऊन खाऊन खाऊन दोन-तीन वर्षांत बॅगेच्या कडा पापडासारख्या तुटतात.

खर्चाचं थोडक्यात. मला गच्चीला पहिल्या वर्षी बॅगा, माती, कोकोपीट, हिरवी नेट आणि ती बांधायला पाइप मिळून सात हजाराच्या आसपास गेले, त्यातली नेट सोडून बाकी परत परत लागतं. पन्नास टक्के ऊन अडवणारी ती हिरवी शेडनेट मार्च ते जून नसेल तर गच्चीचा विचारच करू नका. खाली खर्च कमी, कष्ट जास्त, हरळी आणि लव्हाळा काढून काढून कंबर जाते. आणि स्लॅब जुना असेल, वॉटरप्रूफिंग नसेल तर आधी ते बघा, ओल्या मातीची पंधरा इंची बॅग पन्नास-साठ किलोच्या घरात जाते, अशा बॅगा मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा बीम आहे त्या ओळीत, विटांवर उचलून ठेवायच्या.

किडीचं विचाराल तर दोन्हीकडं सारखंच रडगाणं. वर पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि कबुतरं, खाली गोगलगाय, उंदीर आणि शेजाऱ्याची शेळी. पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. शेळीला कुंपण.

आता काय लावायचं, कारण यावरही जागा ठरते. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, आंबट चुका, यांची मुळं वरच्या वर असतात, सहा-आठ इंच खोल ट्रेमध्ये सुद्धा मस्त येतात, मेथी महिन्याच्या आत हातात. यांच्यासाठी गच्ची उत्तमच, तण नाही, माती उडून पानाला लागत नाही, स्वयंपाक चालू असताना वर जाऊन चिमूटभर कोथिंबीर आणता येते. गवार आणि भेंडीला उन्हाचं काही वाटत नाही, पण जमिनीत त्या दुप्पट देतात असा माझा अनुभव. अंबाडी टाकून बघाच, आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू मैत्रिणी तिला गोंगुरा म्हणतात, ती कुठंही येते, मेलीच तर तुमच्या हातात खरंच काहीतरी गडबड आहे. टोमॅटो सगळ्यांना पहिल्यांदा लावायचा असतो, मलाही होता. मार्चच्या शेवटी झाड हे एवढं, फुलांनी भरलेलं, आणि हात लावला की फूल देठातनं टप्पकन गळतंय. रोग समजून मी तीन औषधं मारली. रोगबिग काही नव्हता, दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्री पंचवीसच्या आसपास तापमान राहिलं की टोमॅटोची फळधारणाच होत नाही. तोच टोमॅटो गणपतीनंतर लावला तर संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या गर्दीतनं घरी येऊन, आपल्या झाडाचा टोमॅटो चिरता येतो.

फळझाडं जमिनीतच. मोठ्या ड्रममध्ये लिंबू, अंजीर येतं म्हणतात आणि येतंही, पण सोलापूरचा मे महिना ड्रममध्ये काढायचा म्हणजे त्या झाडाचं तुम्ही बाळंतपणच करायचं रोज. खाली शेवगा लावा, सहा-आठ महिन्यांत शेंगा, चार फुटावर शेंडा मारत रहा म्हणजे हाताशी राहतो. कडीपत्ता, कलमी पेरू, कागदी लिंबू. पपई नऊ-दहा महिन्यांत फळ देते म्हणून नवख्याला उत्साह येतो, फक्त गादीवाफ्यावर लावा, अण्णांचं काय झालं ते सांगितलंच.

डाळिंबाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, मग दारात भगवा जातीचं एक डाळिंब का नको? नको असं नाही, पण पहिलं झाड म्हणून नको. इतकं मोठं संशोधन केंद्र इथं आहे त्याला कारण आहे ना. तेल्या रोग आला की फळावर काळे तेलकट डाग पडून फळ तडकतं, आणि तेल्या नसला तरी पाण्यात खाडा पडला, म्हणजे आठ दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, तरी फळ तडकतं. शेतकरी बहार धरतात (कुठल्या हंगामाची फुलं-फळं घ्यायची ते ठरवतात), ताण देतात (त्यासाठी मुद्दाम पाणी तोडतात), ठिबकवर थेंब थेंब मोजतात. चार दिवसांआड नळ असलेल्या आपल्यासारख्यांनी आधी भेंडी जमवावी.

तर कुणी काय करावं. फ्लॅटमध्ये किंवा भाड्यानं राहत असाल तर प्रश्नच नाही, सहा-सात ट्रे, फक्त पालेभाजी, दसऱ्याला सुरू आणि होळीला बंद. उन्हाळ्यात बॅगा पालथ्या घालून माती वाळू द्या, तुम्ही पण सुट्टी घ्या, यात काही लाज नाही. गच्ची स्वतःची असेल आणि घरात रोज संध्याकाळी हजर असणारं एक माणूस असेल (माझ्या घरी ते माणूस मीच आहे, म्हणून दमते), तर पंधरा बॅगांपर्यंत जा, त्याच्या पुढं ठिबकशिवाय जाऊ नका. आणि चार बाय आठ का होईना मोकळी जमीन असेल तर आधी तीच. नोकरी करणाऱ्यांना, गावाला जाणाऱ्यांना, विसरभोळ्यांना जमीन सांभाळून घेते, बॅग घेत नाही.

सुरुवात गुढीपाडव्याला करू नका, मुहूर्त कितीही चांगला असला तरी. जूनच्या पहिल्या सरीच्या भरवशावर पण राहू नका, त्यानंतर कधी कधी महिनाभर आभाळ नुसतं भरून येतं आणि जातं. जूनमध्ये खणून, राडारोडा काढून, शेणखत मिसळून ठेवा, भेंडी-गवार टाका, गौरी-गणपती झाले की वांगी-टोमॅटो-मिरचीची रोपं नर्सरीतनं आणा (पहिल्या वर्षी बियांपासनं रोपं करायच्या नादी लागू नका), आणि पालेभाजी दसऱ्याला.

नणंदेला मी एवढंच सांगितलंय की गच्ची कुठं पळून जात नाही, तिथं पुढच्या वर्षी ट्रे ठेवता येतील, पण पेव्हिंग ब्लॉक एकदा बसले की खालची माती गेली. त्यावर त्यांच्या घरी बैठक झाली. गाडी सध्या गेटबाहेर आहे, ब्लॉकवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय, आणि काल तिचा खड्ड्याचा फोटो आला, दीड फुटावर काळी माती लागलीय, पाणी सकाळपर्यंत जिरलं होतं.