पाळकांच्या कबरीचा दगड: कात्रज-कोंढवा रस्त्यावर काय मिळतं, काय बिघडतं

पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कबरीवर दगड बसवायचा ठरला की पुण्यातली बरीच कुटुंबं कात्रज-कोंढवा रस्त्यावरची ग्रॅनाइटची दुकानं गाठतात. पारखून घेतलेल्या दगडाला तिथं पैकीच्या पैकी गुण. मराठी अक्षरांना मात्र काठावर पास, तेही डोक्यावर बसून काम करून घेतलं तर.

आधी दगड. पांढरा संगमरवर देखणा दिसतो, पण उघड्यावर पावसानं त्याची झिलई जाते. ईस्टरच्या पहाटेच्या भक्तीला लावलेल्या मेणबत्त्यांचं मेण आणि फुलांचे डाग त्यात मुरतात. काळा ग्रॅनाइटच घ्या. त्यातही लबाडी चालते. फिकट दगड रंगवून काळा करून विकतात. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपरा घासा; बोळा काळा झाला तर सरळ पुढचं दुकान.

खरी गोम अक्षरांत आहे. कोरण्याआधी मजकूर रबराच्या स्टेन्सिलवर मशीननं कापला जातो आणि बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं कळत नाहीत. ‘ख्रिस्त’मधली वेलांटी भलतीकडे जाते, ‘प्रभू’चा पाय मोडतो, ‘रेव्ह.’मध्ये (रेव्हरंडचं लघुरूप) उघडा हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, दिसते. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला की हे हमखास होतं, कारण कारागीर तो जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो. डीटीपीवाल्याकडून मजकूर लावून, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या रेषांमध्ये) बदलून पीडीएफ द्या. मग दगडाच्या मापाचीच कागदी प्रिंट मागा आणि ती घरच्यांपैकी दोघांनी मोठ्यानं वाचा. बायबलचं वचन पाठ असलं तरी आठवणीतून लिहून देऊ नका. पाळकांसाठी 2 तीमथ्य 4:7 फार निवडतात. पवित्र शास्त्राच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत शब्द आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलतात. एकच छापील प्रत धरा.

कोरणं सँडब्लास्टचंच (हवेच्या जोरानं वाळू मारून केलेलं) हवं, खोली किमान दीड-दोन मिलिमीटर. पेठांमधले पाटीवाले लेझरनं स्वस्तात करून देतात, पण ते वरवरचं खरवडणं असतं. घराची पाटी आडोशाला असते, कबर ऊन-पाऊस झेलते. लेझर फोटोपुरता ठीक, तोही गडद काळ्या दगडावरच. उथळ अक्षरातला सोनेरी रंग लवकर निघतो. खोल अक्षर रंग गेला तरी वाचता येतं. दर अक्षरावर असतो. जोडाक्षर एक धरणार की दोन, हे आधीच विचारा, नाहीतर बिलाच्या वेळी वाद ठरलेला.

मजकुराचा मोह आवरावा लागतो. पाळकपदाच्या दीक्षाविधीचं साल, सेवा केलेली सगळी चर्चेस, सगळ्या पदव्या, सगळ्या नातवंडांची नावं... दोन बाय दीड फुटाच्या आडव्या फळीवर वीस मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, वर क्रूस आणि मोठं नाव धरून, सात-आठ ओळी बसतात. याहून बारीक अक्षर उभ्यानं वाचायला त्रास होतो. चर्चेसची यादी स्मरणभक्तीच्या पत्रिकेत छापावी. दगडावर नाव, दोन तारखा, सेवेची वर्षं आणि वचन पुरे. पाळकीणबाई हयात असतील आणि कबर कुटुंबाची असेल तर खालचा एक-तृतीयांश भाग त्यांच्या नावासाठी कोरा सोडा. हे सुचवणारा दुकानदार विरळा.

बसवण्याची घाई करू नये. वर्षश्राद्धासारखी पहिल्या पुण्यतिथीची तारीख गाठायचा हट्ट असतो, पण माती एक पूर्ण पावसाळा खाऊन खचल्याशिवाय पक्कं काम टिकत नाही. काळ्या मातीत तर ती फुगते आणि आकसते, दगड मधोमध तडकतो. तोवर लाकडी क्रूस चालतो. कबरस्थान समितीची लेखी परवानगी आणि माप याच काळात घेऊन ठेवा, कारण काही ठिकाणी उंचीवर मर्यादा असते आणि उभा दगड तयार झाल्यावर ते कळलं तर कापण्यावाचून गत्यंतर नाही.

कबरीवर आडवा टाकायचा सहा बाय अडीच फुटाचा, वीस मिलिमीटर जाडीचा अखंड दगड साधारण 75 किलो भरतो. तो पूर्ण सिमेंटमध्ये गाडला की पुढं कबर उघडताना फुटतोच. दोन तुकड्यांत घ्या. कडेनं सिमेंट, मध्ये दाबून भरलेली वाळू. वाहतूक आणि बसवणं दरात धरलंय का, हे पावतीवर लिहून घ्या. बहुतेक दुकानं दगड कबरस्थानाच्या फाटकापर्यंतच पोचवतात, आत न्यायला माणसं तुमची.