जीएनएम नंतर पुढं काय : पोस्ट बेसिक डिग्री की क्रिटिकल केअरचा डिप्लोमा? (सोलापूरच्या सिस्टर-ब्रदरसाठी)

जीएनएम (नर्सिंगचा पहिला कोर्स) झालंय, रजिस्ट्रेशन नंबर आलाय, दोन-चार वर्षं वॉर्ड नाहीतर आयसीयूत काढलीत आणि आता वाटतंय की पुढं काहीतरी शिकायला पाहिजे, नाहीतर आयुष्यभर आयव्ही लावण्यात आणि चार्ट भरण्यात जाईल, अशा लोकांसाठी लिहितोय. आपल्याकडं समोर येणारे रस्ते मुख्यतः दोनच. एक म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षांची. दुसरा म्हणजे क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, एक वर्षाचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे हॉस्पिटलात काम करतच शिकायचं. दोन्हीला लोक "पोस्ट बेसिक"च म्हणतात त्यामुळं चौकशी करताना गोंधळ होतो, म्हणून मी इथं सरळ डिग्री आणि डिप्लोमा असं म्हणतो.

आमच्या घरात दोन्ही झालंय. बायकोनं सोलापुरातच राहून डिग्री केली, मी पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात डिप्लोमा केला. आज ती नर्सिंग स्कूलला ट्यूटर आहे आणि मी आयसीयूत शिफ्ट इन्चार्ज आहे. म्हणजे दोघांचंही वाया गेलेलं नाही हे आधी सांगतो, आणि माझं मत एका बाजूला झुकतं हेही आधीच सांगून टाकतो.

डिग्रीचा फायदा कागदावर मोठा आहे, तो नाकारून चालणार नाही. पुढं एमएस्सी करायची असेल तर डिग्री लागतेच. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर म्हणून जो दोन वर्षांचा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलनं आणलाय त्यालाही डिग्रीच लागते, नुसत्या डिप्लोमावर नाही. शिकवायचं असेल तर डिग्री. सरकारी नोकरीत अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका अशी शिडी आहे, त्यात सिनियॉरिटी तर बघतातच पण फाईलमध्ये डिग्री असली की कुठंतरी उपयोगी पडते. आणि दुसऱ्या वर्षाला नर्सिंग ॲडमिनिस्ट्रेशन, नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च-स्टॅटिस्टिक्स असे विषय असतात, म्हणून लोक म्हणतात लीडरशिप पाहिजे तर डिग्री कर. ड्यूटी रोस्टर कसं लावायचं, किती बेडला किती स्टाफ, इन्डेंट (सामानाची मागणी), स्टॉक, सुपरव्हिजन हे सगळं त्यात आहे. बायको रोस्टर लावते तेव्हा कुणाची सलग नाईट किती झाली, कुणाचा ऑफ राहिला हे तिला एका नजरेत दिसतं, मला अजून वही घेऊन बसावं लागतं. हे मी मनापासून मान्य करतो.

मग माझं कुठं अडलं? जर्नलवर, म्हणजे हातानं लिहायच्या फायलींवर.

ज्यांनी डिग्री केलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. पहिल्या वर्षाला पुन्हा नर्सिंग फाउंडेशन, न्यूट्रिशन, बायोकेमिस्ट्री, सायकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, मेडिकल सर्जिकल, मॅटर्नल, चाइल्ड. यातलं बरंच जीएनएमला होऊन गेलेलं असतं. विषय पुन्हा शिकायला माझी हरकत नाही, वाचलं तर नवीन काहीतरी सापडतंच. पण त्या प्रत्येक विषयाच्या फायली. केअर प्लॅनचे ते उभे रकाने आखायचे, असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, गोल, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन, सगळं हातानं, निळ्या पेननं मजकूर काळ्यानं हेडिंग, खाडाखोड झाली की पान बदला. ड्रग बुक वेगळं, केस स्टडी वेगळी, हेल्थ टॉकचे चार्ट वेगळे. बायको आधीची पाच वर्षं आयसीयूत काढलेली बाई, व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीनं सांभाळणारी, ती रात्री अकराला पोरांना झोपवून जेवणाच्या टेबलावर बेड मेकिंगची प्रोसीजर लिहीत बसायची. मला ते बघवायचं नाही. आणि वॉर्डात पोस्टिंगला गेल्यावर पण तेच, पेशंट समोर असायचा आणि सगळ्यांचं लक्ष फाईलमध्ये, कारण संध्याकाळपर्यंत सबमिशन. त्यातला माणूस आज कसा आहे हे विचारायच्या आधी त्याचं नर्सिंग डायग्नोसिस कुठल्या शब्दात लिहायचं याची चर्चा. ती ज्या कॉलेजला होती तिथं फाईल वाचून कुणी "हे गोल चुकीचं धरलंय" असं म्हटल्याचं तिला आठवत नाही, सही आणि तारीख मिळाली की झालं. सगळीकडं असंच असेल असं मी म्हणणार नाही, चांगल्या मॅडम असतील तर केअर प्लॅनमधूनच विचार करायची सवय लागते, ती पद्धत मुळात त्याचसाठी आहे. पण मी माझ्यासमोर जे पाहिलं त्यावरून ठरवलं की दोन वर्षं बेडसाइडपासून लांब जाऊन हे करायची आपली तयारी नाही.

डिप्लोमात लिखाण नाही असं नाही. लॉगबुक आहे, केस प्रेझेंटेशन आहे, परीक्षा पण आहे. फरक असा की लॉगबुकात सही मिळते ती काम करून दाखवल्यावर. एबीजीचं (धमनीच्या रक्तातले वायू तपासायचं) सॅम्पल काढलं, रिपोर्ट वाचून दाखवला, "मेटाबॉलिक ॲसिडोसिस आहे, रेस्पिरेटरी कॉम्पेन्सेशन चालू आहे" (म्हणजे रक्तात आम्ल वाढलंय आणि शरीर श्वास वाढवून ते सावरतंय) असं बोलून दाखवलं, मग प्रिसेप्टर सिस्टर (आम्हाला शिकवायला नेमलेल्या सीनियर) सही करायच्या. नॉरअ‍ॅडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आली तर बीपी न पडू देता दुसरी कशी जोडायची, श्वासाच्या ट्यूबच्या फुग्यातलं कफ प्रेशर २० ते ३० सेंमी पाण्याच्या मध्ये आहे का, बेडची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशावर आहे का, हे रोज, प्रत्येक शिफ्टला. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की बटण दाबून गप्प करायचा नाही, आधी पेशंटकडं बघायचं, मग ट्यूब सरकली का, ट्यूबमध्ये सिक्रिशन अडकलं का, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं) झाला का, मशीनमध्येच बिघाड आहे का, या क्रमानं. आयसीयूत असताना मला हे येत नव्हतं असं नाही, पण तुकड्या-तुकड्यात यायचं, का करतोय ते नीट माहीत नसायचं. तिथं कुणीतरी शेजारी उभं राहून "का?" विचारायचं, आणि एक वर्ष सतत विचारलं की मग आपण पण दुसऱ्याला विचारायला लागतो.

लीडरशिपचा मुद्दा मला इथंच वेगळा दिसतो. आपल्या सोलापूरच्या आयसीयूत काय पेशंट येतात ते तुम्हाला माहितीये. फवारणीचं औषध पिलेले, पावसाळ्यात उसात नाहीतर शेडमध्ये साप चावलेले, एप्रिल-मे मध्ये उन्हानं पडलेले, आषाढीच्या वेळी पंढरपूरच्या बाजूनं येणारी म्हातारी माणसं. शिवाय बार्शी, मंगळवेढा, धाराशिव आणि तिकडून कर्नाटकातून येणारे. फवारणीच्या औषधाचा पेशंट घ्या. ॲट्रोपिन (विषावरचा उतारा) चालू असतं, छाती मोकळी झाली, पल्स ८० च्या वर गेली, काख कोरडी पडली की सगळ्यांना वाटतं सुटला. पण एक ते चार दिवसांच्या मध्ये इंटरमीडिएट सिंड्रोम येतो, मानेचे स्नायू आधी जातात आणि मग श्वासाचे. त्याची पहिली खूण मॉनिटरवर दिसत नाही, सॅच्युरेशन शेवटी पडतं. म्हणून दर राउंडला पेशंटला म्हणायचं, "मामा, उशीवरनं मान उचला की जरा." अक्कलकोटकडचे आजोबा असतील तर कानडीत "तली एत्री" (डोकं उचला) म्हणायचं. मान उचलत नसेल तर त्या रात्री नेता कोण, तर ज्यानं हे बघितलं तो.

आणि बघून नुसतं चालत नाही, डॉक्टरला झोपेतनं उठवून सांगावं लागतं आणि ऐकायला लावावं लागतं. डिप्लोमात आम्हाला एसबीएआर (पेशंटची खबर चार टप्प्यांत द्यायची) पद्धत इतकी घोटून घेतली की आता फोन उचलला की आपोआप तसंच बोलतो. "सर, चार नंबर बेड, परवा औषध पिऊन आलेला पेशंट, ॲट्रोपिन इन्फ्युजन चालू आहे, छाती क्लिअर आहे, पण आत्ता मान उचलता येत नाहीय आणि श्वास उथळ व्हायलाय, मला इंटरमीडिएट सिंड्रोम वाटतोय, ट्यूबची तयारी करून ठेवतो, तुम्ही या." परिस्थिती काय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय पाहिजे, चार गोष्टी. यातली तिसरी आणि चौथी गोष्ट बोलायला आपल्या सिस्टर लोकांना फार जड जातं. वर्षानुवर्षं "सर, पेशंट बरा वाटत नाहीय, जरा बघता का" एवढंच बोलायची सवय असते, आणि मग सर म्हणतात बघतो सकाळी. मला काय वाटतं हे ठामपणे बोलायला हिंमत लागते आणि ती हिंमत हातातल्या कामाच्या खात्रीतनं येते, असा माझा अनुभव. नवीन जॉइन झालेल्या पोरी पण रोस्टर कोण लावतं ते बघून मागं येत नाहीत, पेशंट क्रॅश झाल्यावर कोण शांत राहून "तू कॉम्प्रेशन घे, तू ड्रग काढ आणि काढलं की मोठ्यानं सांग" म्हणतं त्याच्या मागं येतात.

अर्थात बायकोचं म्हणणं वेगळं आहे आणि ते इथं मांडलं नाही तर अन्याय होईल. ती म्हणते तू शिफ्टचा लीडर झालास, पण शिफ्ट बाहेरचं काय? स्टाफ कमी आहे हे मॅनेजमेंटला पटवून द्यायचं तर नॉर्म (किती पेशंटला किती स्टाफ याचा नियम) माहिती पाहिजे, व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हे कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवता आलं पाहिजे, ऑडिट करता आलं पाहिजे, आकडे मांडता आले पाहिजेत, आणि ते डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात शिकायला मिळतं. तिचं हे बरोबर आहे. मी जे शिकलो ते बेडच्या भोवतीचं आहे, मेट्रनच्या (अधिसेविकेच्या) केबिनमध्ये ते कमी पडतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. डिग्रीला पूर्णवेळ कॉलेज, म्हणजे दोन वर्षं पगार बंद आणि वर फी. इग्नूची नोकरी करणाऱ्यांसाठीची तीन वर्षांची पोस्ट बेसिक डिग्री आहे, त्यात नोकरी टिकते, पण सेंटर तुम्हाला कुठलं मिळतं आणि सुट्ट्या कशा जुळतात ते आधी बघा. डिप्लोमा रेसिडेन्सी असल्यामुळं हॉस्पिटलनं पगार किंवा स्टायपेंड द्यायचा असं कौन्सिलच्या नियमातच आहे, पण प्रत्यक्षात किती ते हॉस्पिटलवर. मला पुण्यात खोलीभाडं आणि मेस गेल्यावर हातात फार राहायचं नाही, तरी घरून पैसे मागवायची वेळ आली नाही. पुणं तसं लांब नाही, हुतात्मा एक्सप्रेसनं ऑफच्या दिवशी येऊन जाता येतं, पण लहान पोरं असलेल्या बाईला वर्षभर घर सोडून राहा म्हणणं सोपं नाही. आमच्यात ती राहिली आणि मी गेलो यामागं तेच कारण होतं. ज्यांच्या घरी ही अडचण आहे त्यांनी माझं मत थोडं बाजूला ठेवून वाचावं.

बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर काय करायचं याचं ट्रेनिंग) बद्दल पण विचारतात, ते या दोन्हींना पर्याय नाही. कार्ड दोन वर्षं चालतं, मग पुन्हा. डिग्री करा नाहीतर डिप्लोमा, हे करून ठेवाच. पण पुतळ्यावर मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन देणं आणि खऱ्या पेशंटवर नातेवाईक दारात ओरडत असताना देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, नुसतं कार्ड दाखवून कुणी शिफ्ट इन्चार्ज होत नाही.

तर मला विचाराल तर : शिकवायचंय, एमएस्सी करायचीय, सरकारी शिडी चढायचीय, किंवा सोलापूर सोडता येत नाही, तर डिग्रीच घ्या, जर्नलचा त्रास सोसावा लागेल पण पुढचे दरवाजे उघडतात. बेडसाइडलाच राहायचंय, आयसीयू-कॅज्युअल्टीत नाव काढायचंय आणि अजून वय हातात आहे, तर आधी डिप्लोमा करा आणि डिग्री नंतर ठेवा. उलट क्रमानं केलेले पण चांगले लोक मी पाहिलेत, पण दोन वर्षं बेडपासून लांब राहिल्यावर हात परत बसायला त्यांना वेळ लागला, असं त्यांच्याकडूनच ऐकलंय.

डिप्लोमाला जाणार असाल तर चौकशीला गेल्यावर फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कोर्सला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि पत्र बघायला मागा. आयसीयूत रोज व्हेंटिलेटरवर साधारण किती पेशंट असतात, कारण मशीनच चालू नसेल तर शिकणार कशावर. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, ड्यूटी लिस्टमध्ये तुम्हाला रेसिडेंट म्हणून वेगळं धरणार की स्टाफच्या जागी मोजणार, आणि तुमच्या शिफ्टला प्रिसेप्टर कोण असणार, नाव सांगा. काही ठिकाणी डिप्लोमाच्या नावाखाली वर्षभर स्वस्तातला स्टाफ म्हणून राबवून घेतात, क्लास कागदावर होतात आणि शेवटी लॉगबुक एका दिवसात भरलं जातं. शक्य असेल तर तिथं सध्या शिकणाऱ्या कुणाला तरी कँटीनमध्ये गाठून हाच प्रश्न विचारा. तिला प्रिसेप्टरचं नाव सांगता आलं नाही तर दुसरं हॉस्पिटल बघा.